टपरीवरचा रेडिओ बंद करा

मराठीत पहिला लघुपट किंवा माहितीपट करायला घेतलेल्या माणसाला धास्ती असते ती सेन्सॉरची. ही शिवी ठेवावी का, त्या पुढाऱ्याचं नाव घ्यावं का, एवढं रक्त दाखवलेलं चालेल का. पण छोट्या फिल्म अडतात त्या बहुतेक वेळा सेन्सॉरच्या दारापर्यंत पोचण्याआधीच. त्यांना अडवणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात: टपरीवर मागे वाजत राहिलेलं गाणं, लेखकमित्राशी तोंडी झालेला व्यवहार, मुलाखत देऊन महिन्याभराने ‘माझं नाव काढा’ म्हणणारी बाई. यातली प्रत्येक गोष्ट शूटिंगच्या दिवशी दहा मिनिटांत मिटते. एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे काटछाट पक्की झाल्यावर, तिलाच दहा आठवडे लागतात, आणि कधीकधी ती मिटतच नाही.

रेडिओपासूनच सुरुवात करू. टपरीवर एक म्हातारे गृहस्थ सहा मिनिटं अप्रतिम बोलतात आणि त्यांच्या मागे रेडिओवर एक जुनं भावगीत चालू असतं. शूट करताना वाटतं, वा, काय वातावरण आहे! एडिटला बसलं की कळतं, गाणं आणि बोलणं एकाच ट्रॅकवर आहे. मधलं एक वाक्य कापलं की गाणं उडी मारतं. आता आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण त्यातून निघालेला माणसाचा आवाज पोकळ होतो आणि शांत जागी गाण्याचं भूत ऐकू येतच राहतं. कायद्याची बाजू याहून अवघड आहे. ‘ते मागे सहज आलंय, मुद्दाम घातलेलं नाही’ हा बचाव अनेकांच्या डोक्यात असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सहज किंवा पार्श्वभूमीला आलेल्या गोष्टींना सूट आहे खरी, पण ती ‘कलात्मक कृतीं’ना, म्हणजे चित्र, शिल्प, छायाचित्र, वास्तू यांना. संगीत त्या व्याख्येत येत नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं चित्राचं कॅलेंडर फ्रेममध्ये आलं तर चालतं, चौकातला पुतळा चालतो, सार्वजनिक भिंतीवर कायमचं रंगवलेलं म्युरल चालतं. रेडिओ चालत नाही. टीव्हीही नाही, कारण तिथे आवाजासोबत चित्रही दुसऱ्याचं.

तेव्हा टपरीवाल्याला सांगून रेडिओ बंद करून घ्या. त्याचा खोळंबा होतो, त्याचे पैसे द्या. बोलणं संपलं की सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड करा. स्टोव्हचा फरफराट, ग्लास आपटल्याचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज वेगळा घ्या. वातावरण तिथून परत उभं करता येतं. रेडिओ हवाच असेल तर ज्याचे हक्क तुमच्याकडे आहेत असं गाणं नंतर मिक्समध्ये घाला. युनिटमधले मोबाइल सायलेंटवर ठेवण्याचं कारणही तेच. रिंगटोन हे बहुतेक वेळा कुणाचं तरी गाणं असतं.

लग्नाच्या वरातीचं शूटिंग करणाऱ्यांचा नेहमीचा गोंधळ इथेच होतो. लग्नसमारंभात, वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. ती सूट वाजवण्यापुरती. त्या वरातीचं चित्रीकरण करून ते गाण्यासकट तुमच्या फिल्ममध्ये वापरायला ती लागू होत नाही.

गाण्याचे तीन मालक

एका गाण्यात तीन स्वतंत्र हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तिघांची मुदत वेगवेगळी संपते. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या-त्या निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो आणि ही साठ वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. ग. दि. माडगूळकर गेले १९७७ साली, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. सुधीर फडके गेले २००२ साली, त्यामुळे त्यांची चाल २०६२ अखेरपर्यंत. या दोघांचं १९६० साली बाजारात आलेलं एखादं गाणं धरा. त्याचं ध्वनिमुद्रण २०२० संपताच मोकळं झालं, पण ते वाजवलं की शब्द आणि चाल दोन्ही वाजतात, आणि ती मोकळी नाहीत. ‘जुनी तबकडी आहे, कोण विचारतंय’ हा हिशोब इथे फसतो.

शब्द आणि चाल यांचे हक्क संगीत कंपनीकडे किंवा प्रकाशकाकडे असू शकतात, तर कधी वारसांकडे. मूळ ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीकडे असतं. परवानगी मागताना ‘तुमचं गाणं वापरू का’ एवढंच लिहिलंत तर उत्तर येत नाही, किंवा आलेलं उत्तर कामाचं नसतं. किती सेकंद, कोणत्या दृश्याखाली, मूळ रेकॉर्ड की स्वतः गाऊन घेतलेलं, कोणती माध्यमं, कोणते देश, किती वर्षं, हे सगळं एकाच पत्रात लिहा. फक्त महोत्सवांपुरता परवाना स्वस्तात मिळतो म्हणून तो घेतला जातो. मग फिल्मला पारितोषिक मिळतं, एखादं ओटीटी व्यासपीठ विचारणा करतं, आणि तेव्हा त्याच गाण्याचा भाव कैक पटींनी वाढलेला असतो. पहिल्याच पत्रात पुढच्या टप्प्याचा दर ठरवून घेतला की हे टळतं.

एडिटिंगच्या वेळी ‘तात्पुरतं’ म्हणून एखादं प्रसिद्ध गाणं खाली लावून ठेवण्याची सवय तर सोडाच. दोन महिन्यांत दिग्दर्शकाचं त्या गाण्यावर प्रेम बसतं, कट त्याच्या ठेक्यावर पडलेले असतात आणि नवा संगीतकार काहीही देवो, ते फिकंच वाटतं.

तीस सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं, असा नियम भारतीय कायद्यात कुठेही नाही. दहा सेकंदांचाही नाही. खाली ‘सौजन्य’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. पैसे कमावले नाहीत म्हणून उल्लंघन टळत नाही. समीक्षा किंवा परीक्षण करताना, चालू घडामोडींचं वार्तांकन करताना उताऱ्याचा न्याय्य वापर करता येतो, पण तिथे उतारा हा तुमच्या बोलण्याचा विषय असावा लागतो. नुसती सजावट म्हणून घातलेली क्लिप त्यात बसत नाही. आणि युट्यूबच्या यंत्रणेने पकडलं नाही याचा अर्थ कायदेशीर आहे असा होत नाही, तसंच तिने पकडलं म्हणजे तुम्ही दोषी ठरलात असंही नाही. ती यंत्रणा फक्त आवाजाचा आणि चित्राचा ठसा जुळवते.

मोकळं काय आहे

मराठीत मोकळं साहित्य भरपूर आहे आणि ते फार कमी वापरलं जातं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ च्या सुरुवातीपासून कुणालाही वापरता येतं. केशवसुत, बालकवी, गडकरी केव्हाच मोकळे झाले. बहिणाबाईंचं उदाहरण मजेशीर आहे. त्या गेल्या १९५१ साली, पण कविता छापल्या गेल्या त्यांच्या पश्चात, १९५२ साली. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून तिथे २०१२ ची अखेर धरायची. याउलट कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तेव्हा २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागणारच. पु. ल. २००० साली गेले, तिथे २०६०. पुलंचं एक पान अभिवाचनात वाचून युट्यूबवर टाकणाऱ्या किती मंडळांना हे ठाऊक असतं, देव जाणे.

तुकोबांचा अभंग अर्थातच सगळ्यांचा. पण एखाद्या आधुनिक संगीतकाराने त्याला लावलेली चाल त्याची आहे आणि अलीकडच्या संपादित गाथेतल्या टीपा व प्रस्तावना संपादकाच्या. पारंपरिक वारकरी चालीत गावातल्या भजनी मंडळाकडून गाऊन घेतलं तर शब्द आणि चाल दोन्ही सुटतात, उरतो तो गाणाऱ्यांचा सादरकर्ता म्हणून असलेला हक्क. त्यांची लेखी संमती आणि योग्य मानधन दिलं की तोही सुटतो. या मार्गाने मिळणारा आवाज विकत घेतलेल्या स्टॉक म्युझिकपेक्षा शंभरपट चांगला असतो, हे जाता जाता.

मुदत संपली तरी एक गोष्ट संपत नाही. कलम ५७ मध्ये लेखकाचा विशेष हक्क आहे: कृती त्याच्या नावाने ओळखली जाणं, आणि त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर ती रोखता येणं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट संपल्यावरही वारस यासाठी न्यायालयात जाऊ शकतात. रूपांतर करताना शेवट बदलणार असाल तर श्रेयनामावलीत ‘आधारित’ हा शब्द जपून वापरा.

टायटल्सच्या फाँटकडे कुणाचंच लक्ष नसतं. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेला देवनागरी फाँट पोस्टरवर वापरणं म्हणजे विनापरवाना सॉफ्टवेअर वापरणं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामातही चालतात.

मित्रांशी कागद

‘पैसे दिलेच नाहीत, मग करार कसला?’ हे गणित अगदी उलटं आहे. पैसे दिले असते तर निदान बँकेतली नोंद तरी पुरावा म्हणून उरली असती. फुकट काम करणाऱ्या मित्राने पुढे ‘मी हक्क दिलेच नव्हते’ म्हटलं तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच हवं, सहीनिशी. त्यात कृती कोणती, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता आणि मोबदला काय हे हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे ‘कथेचे हक्क दिले’ एवढ्या एका ओळीवर केलेली फिल्म सहाव्या वर्षी किंवा परदेशातल्या महोत्सवात उघडी पडू शकते. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही नसेल, तर ते संपुष्टात येतात. लेखकांनी हे कलम पाठच करून ठेवावं. कथा घेऊन तीन वर्षं दाबून ठेवणाऱ्या निर्मात्यापुढे हीच एक पळवाट असते, आणि बहुतेक छापील करारांत ‘हे कलम लागू नाही’ अशी ओळ आधीच घातलेली असते. सही करण्यापूर्वी ती शोधा. निदान तिच्याऐवजी तीन वर्षं अशी ठोस मुदत मागा.

गीतकार आणि संगीतकारांसाठी दुसरी एक गोष्ट. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं तर त्याच्या मानधनातला समान वाटा ते सोडूच शकत नाहीत, २०१२ पासून कायदाच तसा आहे. करारात ‘सर्व रॉयल्टी सोडत आहे’ लिहून घेतलं तरी त्या वाक्याला किंमत नाही. सही मात्र करू नका, कारण पुढे भांडायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे.

कल्पना चोरीला गेली ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि सगळ्यांत कमी टिकते. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ सालीच स्पष्ट केलं. नुसत्या शीर्षकावरही नसतो, हे २०१५ च्या निकालात सांगितलं. पण दुसरा एक रस्ता आहे. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका मालिकेच्या प्रकरणात गोपनीय म्हणून विश्वासाने दिलेल्या संकल्पनेला संरक्षण दिलं. म्हणून वाहिनीला संकल्पना ऐकवायला जाताना नुसतं बोलून येऊ नका. आदल्या दिवशी ‘गोपनीय, केवळ विचारार्थ’ असं लिहिलेली चार-पाच पानं ईमेलने पाठवा, भेटीनंतर ‘आज अमुक विषयावर बोलणं झालं’ अशी दोन ओळींची मेल करा. पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवता येते. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी सक्तीची नाही, पण तारखेचा पुरावा म्हणून उपयोगी आहे: लिखित कृतीला ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रपटाला ५,०००.

आता सेन्सॉर

यावर मुद्दामच थोडक्यात. फक्त युट्यूबवर टाकायची फिल्म सेन्सॉरकडे न्यावी लागत नाही. चित्रपटगृहात दाखवायची तर न्यावीच लागते, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग झाले आहेत. महोत्सवातल्या खेळांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, ती बहुधा आयोजकच घेतात. सेन्सॉरकडचा अर्ज अडतो तो धूम्रपानाच्या आणि जनावरांच्या दृश्यांवर. पात्र विडी ओढत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान तीस-तीस सेकंदांची तंबाखूविरोधी आरोग्यफीत, वीस-वीस सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन आणि त्या दृश्यांत तळाला इशारा लागतो. दहा मिनिटांच्या लघुपटात हे सगळं घातलं की काय उरतं, ते बघा. विडी काढून टाकणं सोपं. बैल, कोंबडी, कुत्रा यांच्याकडून काही करवून घेतलं असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी घ्यायची असते. नंतर धावपळ करून ती मिळवणं फार कठीण.

सेन्सॉरविरुद्धचं अपिलीय न्यायाधिकरण २०२१ साली बंद झालं. आता पुढचं दार थेट उच्च न्यायालयाचं. मोठ्या निर्मात्याला ते परवडतं, आठ लाखांत फिल्म केलेल्याला नाही. तो मुकाट्याने कट घेतो. काय दाखवता येईल याचे नियम न बदलता छोट्यांचं स्वातंत्र्य कमी झालं ते असं.

लहान मूल काम करत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनातले किमान वीस टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. ‘पुतण्याच आहे, त्याला मजा येते’ याने यातलं काही माफ होत नाही. रात्री अकराला पेंगुळलेल्या मुलाकडून रडण्याचा शॉट काढून घेणं चुकीचं आहेच, आणि तो शॉट पडद्यावर ओळखूही येतो.

खऱ्या माणसांचं काय

माहितीपटात खरी जोखीम इथे आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या २२८ अ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. प्रौढ पीडिता स्वतः लेखी परवानगी देऊ शकते. ती हयात नसेल तर नुसती नातेवाइकांची परवानगी पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं. मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ लागतं आणि तिथे आईवडिलांची संमतीही चालत नाही, परवानगी फक्त विशेष न्यायालय देऊ शकतं. नाव, पत्ता, फोटो, घरचे लोक, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीच नको.

आणि ओळख पटते ती चेहऱ्यावरून कमी, बाकीच्यावरून जास्त. चेहरा धूसर केला पण मागे गावच्या देवळाचा कळस दिसतोय. मामाच्या रिक्षाचा नंबर दिसतोय. हातावर गोंदलेलं नाव दिसतंय. आवाज तोच आहे, आणि दोनशे उंबऱ्यांच्या गावात आवाज पुरतो. चेहऱ्यावर चौकड्या टाकून केलेला धूसरपणा हलत्या चित्रात कधीकधी उलगडता येतो, पिच बदललेला आवाज पुन्हा मूळ पट्टीत आणता येतो. म्हणून आधीच माणसाला खिडकीकडे पाठ करून काळ्या छायेत बसवा, किंवा फक्त हात, पदर, चूल असं काही टिपा. आवाज दुसऱ्या बाईकडून, त्याच बोलीत, शब्दशः वदवून घ्या. मूळ फुटेजच्या फाइलला त्या व्यक्तीचं नाव देऊ नका, सांकेतिक क्रमांक द्या. ती हार्डडिस्क पोस्टर करणाऱ्याकडे जाऊ देऊ नका.

कुणावर आरोप करत असाल तर बदनामीच्या कायद्यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: फौजदारी बदनामीत नुसतं ‘खरं आहे’ हे पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. ज्याच्याविषयी बोलताय त्याला प्रश्न लेखी पाठवा, आठवड्याची मुदत द्या, नकार आला तर तोही जपून ठेवा. मेलेल्या माणसाची बदनामीही होऊ शकते, नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर. थोर पुरुषांच्या बाबतीत आणखी जपावं लागतं. गांधींवरच्या एका मराठी कवितेचं प्रकरण १९९४ साली ती छापली गेल्यापासून २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत पोचलं, आणि तिथेही कवीची खटल्यातून सुटका झाली नाही. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही पाटी गाव, साल आणि मिशी जुळत असताना कुणाला वाचवत नाही.

कुणाच्या आवाजाची नक्कल एआयकडून करून घेणार असाल तर २०२४ सालचा अरिजित सिंगच्या अर्जावरचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश वाचा. गायकाचा आवाज हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग मानून त्याची नक्कल करणाऱ्या साधनांना तिथे मनाई झाली.

राहिला संमतीपत्राचा प्रश्न. ते एका पानाचं असावं आणि बोलणाऱ्याच्या भाषेत असावं. इंग्रजी छापील फॉर्मवर अंगठा घेतला तर तो कागद तुमच्या कपाटापुरता, त्या माणसाला त्यातलं काही कळलेलं नसतं. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा, वाचतानाचं आणि ‘हो’ म्हणतानाचं चित्रीकरण करा, गावातला एक साक्षीदार ठेवा, एक प्रत त्यांच्याकडे द्या. युट्यूब म्हणजे काय हे फोनवर दाखवा: ‘काकू, हे तुमच्या सासरच्या माणसांनाही दिसणार, दहा वर्षांनीही दिसणार.’ हे ऐकून निम्म्या वेळा काकू एखादी गोष्ट वगळायला सांगतात. ती वगळायची. मुलाखतीसाठी पैसे देऊ नका, बुडालेली मजुरी मात्र जरूर द्या आणि दोन्हींतला फरक त्यांनाही सांगा.

माघार घेण्याची तारीख पत्रातच लिहा, साधारण एडिट लॉकच्या पंधरा दिवस आधीची. त्याआधी त्यांना त्यांचा भाग नेऊन दाखवा, लिंक पाठवू नका. तारीख उलटून गेल्यावर, फिल्म फिरायला लागल्यावर फोन आला, की मुलीचं लग्न ठरतंय, ते काढा, तर कायद्याने तुम्ही बांधलेले नसता. तरीही युट्यूबच्या एडिटरमधून पत्ता न बदलता तेवढा तुकडा कापता येतो, किंवा चेहरा धूसर करता येतो. महोत्सवांना पाठवलेली प्रत परत आणता येत नाही, ओटीटीला विकलेली तर मुळीच नाही. म्हणून विक्रीच्या करारात एक ओळ घालून घ्या: सहभागी व्यक्तीच्या सुरक्षेसाठी निर्माता एकूण दोन मिनिटांपर्यंतचा भाग स्वखर्चाने बदलून देऊ शकेल आणि व्यासपीठाने तीस दिवसांत नवी प्रत लावावी. खरेदीदाराचे वकील कुरकुर करतील, दोन मिनिटांची एक मिनिट करून मागतील. एक मिनिटावर तयार व्हा.